वैनींचा अंगठा

बनुबाई जेवल्या असतील का, हा प्रश्न शरयूच्या मनातून काही केल्या जात नव्हता. मंगळवारी दुपारच्या एसटीने त्या गेल्या आणि आज शुक्रवार. त्यांचा फोन बंद. कणीक मळताना, ओवीच्या डब्यात पोळी ठेवताना, कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना तोच प्रश्न मध्येच येऊन उभा राहायचा.

दुसरं कोणी असतं तर एवढी काळजी वाटली नसती. माणसं रागावतात, एक वेळ उपाशी झोपतात, दुसऱ्या दिवशी चहाबरोबर चार बटर जास्त खातात. बनुबाईंचं तसं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या घरातली चांदीची वाटी सापडेना. त्या घरच्या बाई जिन्यात उभं राहून एवढंच म्हणाल्या होत्या, "किल्ली तर खालीच असते म्हणा." चोर असं कोणी म्हटलं नव्हतं. पण बनुबाईंनी दोन दिवस नुसत्या काळ्या चहावर काढले. तिसऱ्या दिवशी वाटी पुरणयंत्राच्या डब्यात निघाली. त्या बाईंनी खाली येऊन, पार्किंगमध्ये उभं राहून, चार माणसांच्या देखत सांगितलं, "वाटी सापडली हो बनुबाई, माझ्याच डब्यात होती." अर्ध्या तासाने बनुबाई शरयूच्या दारात.

"वैनी, शिळी भाकरी हाय का वाईच?"

शरयूने ताट वाढलं आणि जरा रागावूनच विचारलं, "असं उपाशी राहून काय मिळतं तुम्हाला?"

"मी काय मुद्दाम करती व्हय? आळ आला की घास वर येतुया. गिळतच न्हाई. तुमी गिळून बघा, मग कळंल."

या वेळी आळ आला होता तो शरयूच्या तोंडून.

साताऱ्यातल्या त्या सोळा घरांच्या इमारतीत बनुबाई पंचवीस वर्षं होत्या. मूळच्या आटपाडीच्या पुढच्या एका वाडीतल्या. ही इमारत बांधायला नवरा-बायको दोघं विटा वाहायला आले आणि बांधून झाल्यावर नवरा इथलाच वॉचमन झाला. जिन्याखालच्या खोलीत संसार झाला. मूलबाळ नव्हतं. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला आणि त्याचं सगळं काम आपोआप बनुबाईंकडे आलं. पहाटे पाण्याची मोटार, मग दुधाच्या पिशव्या, कुरियर, गॅसची टाकी, गावाला गेलेल्यांच्या कुंड्यांना पाणी. सोळा घरांच्या जादा किल्ल्या त्यांच्याकडे एका सुतळीत ओवलेल्या असायच्या. लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी प्रत्येक किल्लीला एकेक चिंधी बांधली होती. शरयूच्या किल्लीला ओवीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फ्रॉकची पिवळी चिंधी. सेक्रेटरींच्या किल्लीला लष्करी हिरवी. अंधारात नुसत्या बोटांनी चाचपूनही त्या बरोबर किल्ली काढून द्यायच्या.

शरयूच्या लेकीला, ओवीला, त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. शरयूचा नवरा सुमंत महिन्यातले वीस दिवस कामाला गुजरातेत. तापबीप आला की रात्री-अपरात्री बनुबाईच वर यायच्या. ओवी त्यांना बनुआजी म्हणायची.

ओवी पाचवीत गेली तेव्हा सुमंतने तिला लव्हबर्डची जोडी आणून दिली. पिवळा लिंबू आणि निळा निळू. दुकानदाराने पंख थोडे कातरलेले होते. रोज सकाळी शरयू बैठकीच्या खोलीच्या खिडक्या लावायची, पंखा बंद करायची आणि पिंजऱ्याचं दार उघडायची. अर्धा तास दोघं पडद्यावरून टीव्हीवर, टीव्हीवरून ओवीच्या डोक्यावर अशी फिरायची आणि भूक लागली की आपली आपण पिंजऱ्यात जायची. घरात याला 'सोडणं' म्हणत. "आई, सोडलं का त्यांना?" "अगं, आज सोडायचं राहिलं." रोजच्या बोलण्यातला शब्द. त्यात खिडक्या आणि पंखा आलाच.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सांगलीहून फोन आला. शरयूचे वडील, विष्णुपंत, न्हाणीघरात पाय घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. घरात तिची आई एकटी. शाळेला सुट्टी होती, त्यामुळे ओवीला बरोबर नेता येणार होतं. प्रश्न पाखरांचा होता.

"पक्ष्यांच्या दुकानात ठेव," सुमंत फोनवर म्हणाला.

दुकानदाराने साफ नकार दिला. एकाची पाखरं दुसऱ्याच्या पाखरांत ठेवली की रोग पसरतो म्हणाला. समोरच्या दीपमालाला विचारावं तर तिच्याकडे मांजर. "ठेव की," दीपमाला हसून म्हणाली, "आमची मनी फार जीव लावेल त्यांना." सांगलीला न्यावं तर घर वरच्या मजल्यावर, शेजारचा बोका दिवसातून दहा वेळा गॅलरीत. राहता राहिल्या बनुबाई.

"बनुबाई, पंधरा दिवस आमची पाखरं राखाल का?"

बनुबाई पदर तोंडाला लावून एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "मी? आवं वैनी, पाखरं राखायची म्हंजी आमच्याकडं हाकलायची! ज्वारीला कणसं आली की माळ्यावर हुबं ऱ्हायाचं अन् गोफण फिरवायची. निम्मा जलम पाखरांस्नी दगडं हाणली म्या. त्यास्नी कळलं तर यायची न्हाईत माझ्याजवळ."

"बनुआजी, लिंबूला दगड मारायचा नाही हं," ओवी घाबरून म्हणाली.

"न्हाई गं बाय. लिंबूला काय खायाला देतीस, दाव बघू."

ओवीने पाकीट उघडून त्यांच्या तळव्यावर दाणे ओतले. बनुबाईंनी ते बोटाने पसरले, वास घेतला. "ह्ये तर राळं! आमची आय राळ्याचा भात घालायची आमास्नी. आता पाखरं खात्यात व्हय? चांगलंय की, चांगल्या घरची हायती."

शरयूला सगळं लिहून ठेवायची सवय. ग्रंथालयातलं काम तसंच होतं. तिने सांगितलं आणि ओवीने सुवाच्य अक्षरात अकरा सूचनांचा कागद तयार केला. चौथी सूचना होती, 'सोडण्यापूर्वी सर्व खिडक्या व पंखा बंद करणे.' कागद पिंजऱ्यावर चिकटवला. बनुबाईंनी त्याच्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि "बरं" म्हणाल्या. त्यांना वाचता येत नाही हे शरयूला माहीत नव्हतं असं नाही. पण बॅग भरायची होती, आईचे फोनवर फोन येत होते, आणि कागद लिहून झाला की काम झालं असं तिला नेहमीच वाटायचं.

स्टँडवर गाडी सुटता सुटता तिला ते आठवलं. सुमंतचा जुना फोन बनुबाईंकडे होता. त्यावर बोललेला निरोप ऐकायला आणि पाठवायला त्या शिकल्या होत्या. शरयूने खिडकीशी बसून घाईघाईने निरोप पाठवला. काय बोलली ते गाडी साताऱ्याबाहेर पडेपर्यंत ती विसरूनही गेली.

सांगलीतले सोळा दिवस कसे गेले ते तिला आजही नीट सांगता आलं नसतं. ऑपरेशन, रक्ताची बाटली, डॉक्टरांची वाट बघणं. विष्णुपंतांनी दोन रात्री तिला ओळखलं नाही, तिला "ताई" म्हणून हाक मारत होते, आणि ती बाहेरच्या बाकावर बसून रडली होती. फोन सतत थरथरायचा. बनुबाईंचे निरोप रोज यायचे, कधी एक मिनिटाचे, कधी तीन. पहिला तिने ऐकला. पिंजरा खाली माझ्या खोलीत आणलाय, पाखरं खुशाल हायती, एवढंच होतं. तसेच असणार पुढचेही. दुसऱ्या दिवसापासून ती न ऐकताच अंगठ्याचं चित्र पाठवू लागली. मिळाला, ठीक आहे, एवढ्याच अर्थाने. सगळेच पाठवतात. फोन बऱ्याचदा ओवीच्या हातात असायचा. दवाखान्यात दुसरं काय करणार पोर.

मायलेकी परत आल्या तेव्हा पिंजरा जिन्याखालच्या खोलीबाहेर होता. दार उघडं. तळाला ताजा कागद, वाटीत राळं, वाटीत पाणी. पाखरं नव्हती.

"पाखरं कुठायत बनुबाई?"

बनुबाई उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. "वैनी, सांगितलं न्हवं का तुमास्नी."

"काय सांगितलं? कुठायत?"

"सोडली हुती. रोजच्यासारखी. आली न्हाईत."

"सोडली म्हणजे? बाहेर? अहो, बाहेर कोण सोडतं पाखरं? कोंबड्या आहेत का त्या?"

तिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. सोळा दिवसांचं जागरण, वडिलांचं ते न ओळखणं, सगळं त्या आवाजात होतं. बनुबाई काहीतरी सांगू पाहत होत्या, शरयूने सांगू दिलं नाही. वर येऊन, चप्पल पायात असतानाच, तिने फोनवर इमारतीच्या गटावर लिहिलं: 'बनुबाईंनी आमचे पक्षी बाहेर सोडून दिले. लेखी सूचना देऊनही. आता कोणाच्या भरवशावर घर टाकून जायचं?' खाली बघता बघता सात-आठ अंगठे आले.

ओवी रडली नाही. तिने आपली बॅग खोलीत नेली आणि दार लोटून घेतलं. धक्का बसलाय पोरीला, शरयूला वाटलं, आणि तिचा राग आणखी चढला.

सोसायटीचे सेक्रेटरी हंबीरराव लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. एका एजन्सीचा गणवेशातला गार्ड ठेवावा हे त्यांच्या मनात वर्षभर होतं. खोली रिकामी होत नव्हती म्हणून थांबले होते. सोमवारी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावलं. शरयूने तो अकरा सूचनांचा कागद नेला होता. हंबीररावांनी तो मोठ्याने वाचून दाखवला.

"सूचना नंबर चार. खिडक्या बंद करणे. लेखी हुकूम हाय. बनुबाई, ड्यूटी म्हंजे ड्यूटी. हुकमाबाहेर जाऊन पाखरं सोडायला तुला कुणी सांगितलं?"

"वैनींनी." बनुबाईंचा आवाज बारीक पण स्पष्ट होता. "त्यास्नी मी रोज इचारलं. त्यांनी रोज अंगठा दिलाय मला."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग हंबीरराव हसले. "अंगठा तू देतीस बनुबाई. वैनी शिकल्यात, त्या सही करत्यात."

सगळे हसले. शरयूला हसू आलं नाही, पण तिने काही विचारलंही नाही. म्हाताऱ्या बाईची गडबड झाली असेल, एवढंच तिच्या मनात आलं. बनुबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. शेजारी उभं असलेलं माणूस आता बोलेल, आता बोलेल अशी वाट पाहावी, तसं. मग त्यांनी कमरेची किल्ल्यांची सुतळी सोडली आणि हंबीररावांच्या टेबलावर ठेवली.

"आवं, लगेच जा म्हटलं न्हाई मी," हंबीरराव जरा वरमले. "महिनाअखेर बघू."

"न्हाई सायेब. आता घास उतरायचा न्हाई हितं."

मंगळवारी त्या गेल्या. नवा गार्ड येत्या सोमवारी खोलीत राहायला येणार होता.

शुक्रवारी शरयू ग्रंथालयातून दुपारीच घरी आली. बनुबाईंचा पुतण्या आटपाडीकडे असतो, गुंडा नावाचा, एवढं तिला माहीत होतं. त्याचा नंबर कुठे मिळेल म्हणून तिने बनुबाईंचे जुने निरोप उघडले. कदाचित कधीतरी सांगितला असेल. एकाखाली एक चौदा निरोप, आणि प्रत्येकाखाली तिचा अंगठा. एक गोष्ट तिला विचित्र वाटली. न ऐकलेल्या निरोपाची खूण वेगळी दिसते. हे सगळे ऐकलेले दिसत होते. तिने तर पहिला सोडून एकही ऐकला नव्हता.

सगळ्यात वर तिचा स्वतःचा निरोप होता, स्टँडवरचा. तिने तो लावला. मागे कंडक्टरची घंटी वाजत होती.

"बनुबाई, दाणे सकाळी द्या, पाणी दोनदा बदला. आणि सकाळी अर्धा तास सोडा त्यांना, कंटाळतात आत बसून. त्यांचे ते येतात परत. संध्याकाळी झाका."

खिडक्या नाहीत. पंखा नाही. खोलीत, हा शब्दसुद्धा नाही. सकाळी सोडा, संध्याकाळी झाका. गावाकडे कोंबड्यांत वाढलेल्या बाईला याचा दुसरा काय अर्थ लागणार होता?

तिने पुढचे निरोप लावले. ताटातली पोळी तशीच राहिली.

"वैनी, बनुबाई बोलतीया. सकाळी सोडली हुती पाखरं, तुमी म्हणलासा तशी. निळू गेला शेवग्यावर, लिंबू बसला माझ्या डोस्क्यावर. मी काठी घिऊन बसलीया, कावळा येऊ देत न्हाई. आली परत दोनीबी. उद्याबी सोडू न्हवं?"

अंगठा.

"तुमचं वडील कसं हायती? तुमी दमू नका. माझ्या ह्या फोनचं काय खरं न्हाई, चार्जिंग उतरतंय. लागला न्हाई तर गुंडाला लावा. थांबा, दूधवाला नंबर सांगतुया..." आणि मग दूधवाल्याचा खणखणीत आवाज, एकेक आकडा सुटा.

अंगठा. नंबर तेव्हापासून तिच्या फोनमध्ये पडून होता.

"वैनी, पाखरं आता लांब जात्यात. पख भरल्यात त्यांचं. पलीकडच्या गच्चीवर गेल्ती आज. मला वाईच भ्या वाटतंय. सोडायचं बंद करू का? का असू द्या तसंच? तुमी सांगाल तसं करती."

अंगठा.

शरयूने तो निरोप पुन्हा लावला. दोन प्रश्न विचारलेले होते, करू का, की असू द्या. आणि तिने दोन्हींना मिळून एक अंगठा दिला होता. बनुबाईंनी बिचाऱ्यांनी तो कशाला लावून घेतला असेल? रेशनच्या दुकानात, पेन्शनच्या कागदावर, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर, जिथे जिथे त्यांच्या शब्दाला किंमत होती तिथे तिथे त्यांनी अंगठाच दिला होता. अंगठा दिला म्हणजे कबूल. अंगठा दिला म्हणजे माणूस आता मागे फिरत नाही.

शेवटचा निरोप विष्णुपंतांना घरी सोडलं त्या दिवशीचा होता. त्या वेळी शरयू दवाखान्याच्या खिडकीशी कागदांवर सह्या करत उभी होती.

सुरुवातीला नुसता श्वास ऐकू आला. मग, "वैनी. पाखरं गेली. काल सकाळच्यानं आली न्हाईत. वर घार आली हुती, तिला भिऊन उडाली. म्या हाका मारल्या, गच्चीवर राळं टाकलं, रातभर पिंजरा उघडा ठिवला. ओवीबायला कसं सांगू मी? तुमी मला काय बोलायचं ते बोला. शिव्या द्या. पर बोला, वैनी."

आणि खाली तिचा अंगठा. पिवळाधमक.

तिने फोन उपडा ठेवला. बऱ्याच वेळाने उचलून गुंडाचा नंबर लावला. बाईने घेतला. ती गुंडाची बायको, अंजना.

"व्हय, आल्यात की आत्त्या. मंगळवारी रातच्याला आल्या."

"बऱ्या आहेत ना? जेवल्या का?"

पलीकडे कोंबड्यांचा गलका होता. अंजनाने कोणाला तरी हाड् हाड् केलं आणि आवाज खाली आणला. "न्हाई ओ. काळा च्या घेत्यात नुसता. भाकरी म्होरं ठिवली की घास घेत्यात अन् तसाच ठिवत्यात. बोलतबी न्हाईत. ह्यांनी लय इचारलं. काय झालंय तकडं? तुमी कोण म्हणायच्या?"

"मी... त्यांच्या बिल्डिंगमधली. देता का त्यांना फोन?"

अंजना फोन घेऊन चालल्याचं ऐकू आलं. "आत्त्या, साताऱ्याचा फोन हाय." मग बराच वेळ काही नाही. मग अंजनाच परत. "घेत न्हाईत. नुसती मान हालवत्यात. काय सांगू?"

काय सांगू. माफ करा म्हणावं? परत या म्हणावं? पण कुठे? किल्ल्या हंबीररावांकडे, खोली सोमवारपासून गार्डची, आणि इमारतीतल्या सगळ्यांच्या लेखी बनुबाई म्हणजे सांगितलेलं न ऐकणारी, वर खोटं बोलणारी बाई. "मी थोड्या वेळाने करते," असं म्हणून तिने फोन ठेवला.

साडेपाचला ओवी शाळेतून आली. बूट काढले, बॅग ठेवली, काही न बोलता हात धुवायला गेली. परत आल्यापासून ती अशीच होती. विचारलं तेवढंच बोलायची.

"ओवी, सांगलीला तू माझ्या फोनवर बनुआजींचे निरोप ऐकायचीस का?"

ओवीने टॉवेलमध्ये तोंड पुसलं. "हो. रोज."

"सगळे?"

"हो."

"म्हणजे पाखरं गेली हे तुला तिथेच कळलं होतं?"

तेव्हा शरयूला आठवलं. शेवटचा निरोप आला त्या रात्री ओवी जेवलीच नव्हती. पोट दुखतंय म्हणाली होती, आणि शरयूने तिला ओव्याची पूड दिली होती.

"मग मला सांगितलं का नाहीस, राणी?"

ओवीने तिच्याकडे पाहिलं. दहा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर असू नये असं काहीतरी त्या नजरेत होतं. "तुला माहीतच होतं ना. तू रोज अंगठा पाठवायचीस."

"अगं, मी ते ऐकलेच नव्हते."

"ऐकले नव्हते?"

"नाही."

ओवीने टॉवेल खुंटीला अडकवला. "मला वाटलं, तुला सगळं माहितीये," ती म्हणाली. "मला वाटलं, तू सगळ्यांसमोर मुद्दाम बनुआजीला खोटं पाडलंस. तुला ओरडा बसू नये म्हणून."

शरयू खुर्चीवर बसली. आईला ओरडा बसू नये म्हणून. चार दिवस ही पोर असल्या आईच्या हातचं जेवत होती, तिच्या शेजारी झोपत होती. पाखरं गेली याचं दुःख तिने सांगलीतच एकटीने गिळलं होतं. आणि हे दुसरं तिच्या घशात अडकलं होतं. ऐकले नव्हते म्हणून गोष्ट काही फार बदलते का? पार्किंगमध्ये बनुबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तेव्हा "कसला अंगठा?" एवढं विचारायला किती वेळ लागला असता? तेव्हा तर ती दवाखान्यात नव्हती. तेव्हा तर वडील बरे होते.

"बनुआजीला फोन कर ना," ओवी म्हणाली.

"केला होता. घेत नाहीत."

"जेवल्या का त्या?"

शरयूने नाही म्हणून मान हलवली. ओवीला वाटीची गोष्ट माहीत होती. इमारतीत सगळ्यांनाच माहीत होती. लोक ती हसत हसत सांगायचे.

गटावर लिहावं असं तिच्या मनात आलं. तिने दोन ओळी लिहिल्याही. 'गैरसमज झाला होता. चूक माझी होती.' मग तिला दिसलं, खाली काय येणार ते. न वाचता आलेले सात-आठ अंगठे. आणि रविवार जाऊन सोमवार उजाडेल, गार्डची ट्रंक जिन्याखाली येईल. तिने त्या ओळी पुसल्या. त्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना शरयू मनातून कधीच फार मानत नव्हती. पण वाटी सापडली तेव्हा त्या खाली आल्या होत्या. पार्किंगमध्ये उभं राहून, 'माझ्याच डब्यात होती' हे चार माणसांच्या देखत बोलल्या होत्या. बनुबाईंचा घास त्यानंतर उतरला होता.

लोक काय म्हणतील, याची भीती वाटत नव्हती असं नाही. शिकलेली बाई, ग्रंथालयात काम करते, आणि निरोप न ऐकता अंगठे देते. हंबीरराव सगळ्यांसमोर लष्करी हिंदीत दोन शब्द सुनावतील. दीपमाला पुढचं वर्षभर टोमणे मारेल. आणि एवढं करूनही बनुबाई आल्या नाहीत तर? आल्या आणि पूर्वीसारख्या "वैनी" म्हणाल्या नाहीत तर? ओवी टेबलाशी उभी राहून तिच्याकडे बघत होती. वहीत उत्तर बरोबर येतंय का, हे बघावं तशी.

शरयूने फोन उचलला.

"बनुआजीला?" ओवीने विचारलं.

"नाही. आधी हंबीररावकाकांना. आज सगळ्यांना खाली बोलवा म्हणते. हे निरोप मोठ्या आवाजात लावायचेत, माझ्यापासून सुरुवात करून. बनुआजींना त्यानंतर."

"आणि काका नको म्हणाले तर?"

"तर दार वाजवेन. सोळाही."

तिने हंबीररावांचं नाव काढलं. आणि दाबलं.